तारखेचा प्रश्न: ‘तिलावा’वरील एका खलाशाच्या स्मरणाचे प्रकरण

देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात 2024 च्या मे महिन्यात पावसाआधी कौले परतताना माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरवली गेली आणि तिच्यातल्या कागदांमुळे एका कुटुंबापुढे असा प्रश्न उभा राहिला, की जो सोडवायला ना वकील पुरेसा होता ना भटजी. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आजोबांच्या नावाचा दगड अंगणात बसवायचा, एवढेच नातवाच्या मनात होते. दगडावर मृत्यूची कोणती तारीख घालायची, यावर काम अडले. जुनी कागदपत्रे वाचण्याच्या निमित्ताने मी या प्रकरणात ओढला गेलो. कुटुंबाच्या संमतीने ते येथे लिहीत आहे. माणसांची व गावाचे नाव त्यांच्याच इच्छेवरून गाळले आहे.

पेटीत चार प्रकारचे कागद होते. पहिला कागद म्हणजे मुंबईहून आलेले, 1943 च्या आरंभीचे, टंकलिखित इंग्रजी पत्र. त्याच्या आठ घड्या घातलेल्या होत्या, टाचणीचा गंज कागदात उतरून तिथे तांदळाएवढे भोक पडले होते, आणि घडीवरची अक्षरे नेमकी जहाजाच्या नावावर झिजली होती. तरी ‘तिलावा’ हे नाव उजेडात धरल्यावर वाचता येत होते. दुसरे, 1943 पासून 1953 पर्यंतच्या मनीऑर्डरींच्या कुपनांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा. तिसरा कागद 1950 मधील फेरफाराच्या नोंदीची नक्कल. चौथी वस्तू सर्वांत साधी, म्हणजे खलाशाच्या वडिलांची, या नातवाच्या पणजोबांची, मोडीत लिहिलेली खर्चाची वही. माझ्या मते प्रकरणाची किल्ली या चौथ्या वस्तूत होती, परंतु ते मला शेवटी कळले.

जहाजाची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, 1924 मध्ये बांधलेली, सुमारे 10,000 टनांची आगबोट. ती 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून मोंबासा, लॉरेंसो मार्किस म्हणजे आजचे मापुटो, आणि दरबानकडे निघाली. बोटीवर एकूण 958 माणसे होती. त्यांत 732 उतारू, 222 खलाशी व इतर कर्मचारी आणि 4 तोफची. 23 नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी, सेशेल्सच्या ईशान्येस भर समुद्रात, आय-29 या जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही. पहिल्या स्फोटानंतरच्या गोंधळात होड्यांवर झुंबड उडाली. काही वेळाने बोट तग धरते असे वाटून माणसे पुन्हा तिच्याकडे वळली, आणि तेव्हा दुसरा टॉर्पेडो बसला. 280 माणसे गेली. उरलेल्या 678 जणांना ‘बर्मिंगहॅम’ व ‘कार्थेज’ या जहाजांनी वाचवले आणि 27 नोव्हेंबरला मुंबईच्या धक्क्यावर आणून उतरवले.

आपला खलाशी डेकवरचा होता. सारंग आणि टंडेल यांच्या हाताखाली दोरखंड, होड्या आणि त्यांच्या कप्प्या ही त्याची कामे. अशा रात्री होड्या खाली सोडणारे हात डेकवरच्या खलाशांचेच असतात, एवढे म्हणता येते. त्यापुढे त्याच्या शेवटच्या तासाविषयी कल्पना लढवणे मला योग्य वाटत नाही.

‘तिलावा’च्या पोटात माणसांखेरीज दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेली चांदी होती, 2,364 लगडी. ही चांदी 2017 मध्ये सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यातून वर काढण्यात आली आणि तिच्यावरचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 8 मे 2024 रोजी निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. पेटी उघडली तीही त्याच महिन्यात. पत्रातले अर्धवट नाव नातवाने मोबाइलवर टाकताच समोर आली ती या चांदीच्या खटल्याची बातमी. चांदीच्या लगडी एकेक करून मोजलेल्या, आणि घरात मात्र आजोबांच्या बोटीचे नावही कुणाला धड ठाऊक नाही, याचे त्याला वाईट वाटले. दगडाची कल्पना तिथून निघाली.

त्यानंतरचा शोध फारसा कठीण गेला नाही. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही अशा खलाशांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने ‘मुंबई-चितगाव 1939-1945 युद्धस्मारक’ या नावाखाली नोंदली आहेत. स्मारक म्हटले की आपल्याला दगड किंवा स्तंभ आठवतो. हे स्मारक म्हणजे एक ग्रंथ आहे. त्याची एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात आणि दुसरी चितगावला असते. तत्कालीन भारतीय नौदलाचे सुमारे 400 आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास 6,000 खलाशी त्यात आहेत. एकच अडचण आली. नातू सिंधुदुर्ग जिल्हा शोधत राहिला. तो जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे जुन्या नोंदीत त्याचे गाव रत्नागिरीखालीच असणार, हे त्याच्या ध्यानात यायला दोन दिवस गेले. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग इतके विचित्र होते, की ते मोठ्याने वाचल्यावरच कानाला ओळख पटली. नाव, बापाचे नाव, हुद्दा, बोट, आणि तारीख: 23 नोव्हेंबर 1942.

नातवाच्या दृष्टीने काम संपले होते. त्याने ही तारीख घालून दगडाचा मजकूर तयार केला आणि गणपतीला गावी आल्यावर आत्याला वाचून दाखवला. आत्या म्हणजे त्या खलाशाची मुलगी. 1942 च्या आषाढात जन्मलेली, तेव्हा 82 वर्षांची. तिला वडील आठवत नाहीत. मजकूर ऐकून ती म्हणाली, “तारीख घातलंस तर माझ्या आवशीचा कुंकू पुसलंस, असा समज.”

हे वाक्य नातवाला हट्टाचे वाटले. मलाही प्रथम तसेच वाटले, हे कबूल करतो. कागद तारखेच्या क्रमाने लावल्यावर त्याचा अर्थ उलगडत गेला.

बोट बुडाल्यावर गावात पहिली खबर आली ती पत्राने नव्हे, माणसाच्या तोंडून. मुंबईत गिरगावातल्या गाववाल्यांच्या खोलीवर राहणारा एक जण डिसेंबरात गावी आला, त्याने सांगितले की बोट गेली, पुष्कळ माणसे वाचून परत आली, पण आपला माणूस त्यांत दिसला नाही. ‘दिसला नाही’ हेच शब्द घरात पुढे अकरा वर्षे टिकले. दिसला नाही याचा अर्थ मेला असा होत नाही. दुसऱ्या बोटीने उचलला असेल, कुठे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला असेल, कैदेत असेल. युद्धात असे घडत होतेच, त्यामुळे ही आशा खुळी म्हणता येणार नाही. त्याच्या पत्नीने कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या काही उतरवले नाही. 1953 च्या श्रावणात ती तापाने गेली. तिला सवाशीण म्हणून हिरवे लुगडे नेसवून, मळवट भरून, ओटी भरून पोचवले, आणि पुढच्या वर्षापासून पितृपक्षात तिचे श्राद्ध अविधवा नवमीला होऊ लागले. ते त्या घरात आजही त्याच दिवशी होते.

आता खलाशाचे. ज्याचा देह सापडला नाही आणि ज्याची वार्ता नाही, त्याची बारा वर्षे वाट पाहून मग पालाशविधी करावा, असा शास्त्राचा प्रघात आहे. पळसाच्या पानांच्या 360 देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. घरात हा विधी 1954 मध्ये झाला. अग्नी दिला तो खलाशाच्या मुलाने, म्हणजे या नातवाच्या वडिलांनी, वयाच्या पंधराव्या वर्षी. म्हणजे घराच्या हिशेबात बायको आधी गेली, सवाशीण गेली, आणि नवरा तिच्यामागून वर्षाने. नोंदीतली 1942 ही तारीख दगडावर कोरली, की हा क्रम उलटतो. मग ती शेवटची अकरा वर्षे विधवा होती, तिचा मळवट चुकीचा होता आणि सत्तर वर्षांच्या नवम्याही चुकल्या, असे दगड बोलू लागतो. म्हातारीचे वाक्य हट्टाचे नव्हते. तिने मजकुराचा परिणाम आमच्या आधी वाचला होता.

या दोन तारखांच्या मध्ये तिसरी एक आहे, ती सरकारी दप्तरातली. बोटीच्या पगारातून खलाशाने स्वतःच्या नावावर अकरा गुंठे जमीन घेतली होती. 1950 मध्ये तिच्यावर मुलाचे नाव लागले, ‘अ.पा.क. आजोबा’, म्हणजे अज्ञान मुलाचे पालनकर्ते त्याचे आजोबा, अशा शेऱ्यासह, आणि कारण दिले गेले ते ‘सात वर्षे बेपत्ता, वार्ता नाही’ असे. तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम 108 नुसार सात वर्षे ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. या कलमाची एक खुबी अशी, की माणूस मेला असे त्यावरून धरता येते, पण तो केव्हा मेला हे त्यावरून ठरत नाही. त्या दिवसाचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. कायद्यालाही म्हणजे मृत्यूपासून तारीख सुटी करता येते. याचा उपयोग मला पुढे झाला.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. घरात 1943 पासून पत्र पडून होते. त्यात मृत्यू गृहीत धरल्याचे आणि दिवसाचे स्पष्ट शब्द होते. ते तलाठ्यापुढे ठेवले असते तर सात वर्षे थांबायचे कारणच नव्हते. मग ते का दाखवले नाही? इंग्रजी कुणाला येत नव्हते, हे उत्तर पुरत नाही. इंग्रजी पत्र वाचून दाखवणारा मास्तर किंवा पोस्टमास्तर कोकणातल्या कुठल्याही बंदरावर त्या काळी मिळत असे.

उत्तर खर्चाच्या वहीत सापडले. पालाशविधीचा खर्च पणजोबांनी एका ओळीत लिहिला आहे: पळस, नारळ, तूप, भटजींची दक्षिणा, आणि वर मिती, कार्तिक वद्य 1, शके 1876. ही मिती मी दोनदा वाचली. बारा वर्षे मोजायची झाली तर साधारणपणे माणूस शेवटचा घरातून गेला किंवा त्याचे शेवटचे पत्र आले, तिथपासून मोजतात. तो घरातून गेला होता भाद्रपदात. कार्तिक वद्य प्रतिपदेचा घराशी काहीच संबंध नव्हता. संबंध होता तो 23 नोव्हेंबर 1942 शी. 22 नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती. बोटीवर टॉर्पेडो आला तो पौर्णिमा आणि प्रतिपदा यांच्या सांध्यावर, सूर्य उगवण्यापूर्वी. म्हणजे पणजोबांनी पत्र वाचून घेतले होते, त्यातली इंग्रजी तारीख पंचांगात पाहून तिची तिथी काढून ठेवली होती, आणि बरोबर बारा वर्षांनी, त्याच तिथीला, खलाशाच्या मुलाच्या हातात चूड दिली होती. त्यांना पहिल्यापासून सगळे ठाऊक होते. त्यांनी सुनेला सांगितले नाही, गावाला सांगितले नाही, तलाठ्यालाही नाही.

याला लपवाछपवी म्हणायचे का? नातवाचे पहिले मत तसेच होते, आणि त्याला पैशाचा संशयही आला. युद्धात गेलेल्या भारतीय खलाशांच्या वारसांसाठी निवृत्तिवेतनाची योजना होती. ते पैसे म्हाताऱ्याने खाल्ले तर नाहीत? मनीऑर्डरीच्या कुपनांनी हा संशय दूर केला. कुपने सुनेच्या नावाची आहेत, आणि कित्येकांच्या मागे तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, सही घेण्याच्या कागदावर उठवण्याआधी शाई जास्त झाली की पुसून टाकतात तसा. आत्या सांगते, की पैसे ‘बोटीचे’ म्हणून येत आणि आईच्याच फडताळात राहत. कुपनावर ज्या इंग्रजी शब्दापुढे तिचे नाव आहे, त्याचा अर्थ ‘विधवा’ असा आहे. कपाळाला कुंकू लावलेली बाई दर महिन्याला ओटीवर बसून त्या शब्दाशेजारी अंगठा उठवत होती.

तिला ते कळत नव्हते, असे मी धरून चाललो होतो. आत्याला मी सरळ विचारले, तेव्हा ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, “आवशीन पोस्टमनाक कधी ‘पत्र हा काय’ म्हणान इचारल्यान नाय.” ज्यांच्या घरचा माणूस बोटीवर आहे, त्यांना या वाक्याचे वजन सांगावे लागणार नाही. बोटीवाल्याची बायको पोस्टमनला पैसे नंतर विचारते, पत्र आधी. दहा वर्षे पैसे घेऊन जी पत्राविषयी एकदाही विचारत नाही, ती काय समजून होती, याचा निर्णय मी करू धजत नाही. पण सासरा फसवत होता आणि सून फसत होती, हे साधे चित्र त्यानंतर माझ्यापुढून गेले. दोघेही एकमेकांसाठी गप्प राहिले असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण तिनेही घरात काही दिवस वाद झाला. जिने ‘तिलावा’ बुडवली तीच आय-29 पाणबुडी पुढे पाच महिन्यांनी, 1943 च्या एप्रिलअखेरीस, मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून सुभाषचंद्र बोस यांना उतरवून घेऊन सुमात्रापलीकडच्या साबांगला घेऊन गेली. या घराच्या माजघरात नेताजींची तसबीर आहे, पणजोबांनीच लावलेली. नातवाला ती टोचू लागली. आत्याने तसबीर हलवू दिली नाही, आणि मला तिचे बरोबर वाटले. त्या पाणबुडीलाही 1944 च्या जुलैत अमेरिकी पाणबुडीने समुद्राचा तळ दाखवला.

मग दगडाचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न राहिला. नातवाचे म्हणणे असे, की खरी तारीख हाती असताना ती गाळणे म्हणजे पणजोबांचीच लपवाछपवी पुढे चालू ठेवणे. 1954 हे साल घालावे, असे घरातल्या दुसऱ्या एकाने सुचवले. ते मला सर्वांत वाईट वाटले, कारण 1954 मध्ये समुद्रात कोणी गेले नव्हते. भटजींना विचारले, तर त्यांनी पितृपक्षापुरता प्रश्न लगेच सोडवला: शस्त्राने मृत्यू आलेल्याचे श्राद्ध चतुर्दशीला, टॉर्पेडो हे शस्त्रच, तेव्हा त्याच्यासाठी चतुर्दशी घ्यावी आणि तिची नवमी जशी चालत आली तशी चालू द्यावी. काही ठिकाणी पती निवर्तल्यावर अविधवा नवमी थांबवतात, हे त्यांनी सांगितले. पण या घराने 1954 नंतरही ती चालू ठेवली होती, आणि कुळाचाराला आपण हात लावणार नाही, असेही ते म्हणाले. दगडाविषयी मत द्यायला ते तयार नव्हते.

मी एवढेच सुचवले, की पणजोबांनी जे केले ते नीट पाहावे. त्यांनी तिथी पाळली आणि साल लपवले. तिथी दर वर्षी फिरून येते. ती कुणाला किती वर्षे विधवा होती हे मोजत नाही. मोजणी सुरू होते ती सालापासून. दगडावर त्रिपुरी पौर्णिमा घालावी, बोटीचे नाव घालावे, साल घालू नये. यात खोटे एक अक्षर नाही, आणि ज्याला साल हवे त्याला बोटीच्या नावावरून ते कुठेही सापडेल. तिथी अगदी काटेकोर पाहिली तर पौर्णिमा की प्रतिपदा, हा वाद उरतो. आत्याने तो एका वाक्यात मिटवला: उजाडले नव्हते ना, मग रात्र पौर्णिमेचीच.

नातू पूर्ण राजी झाला असे मी म्हणणार नाही. त्याने नोंदीचा कागद, पत्र आणि कुपने प्लास्टिकच्या पाकिटात घालून वेगळी फाइल केली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 23-11-1942 असे लिहिले आहे. आत्याने फाइलला हरकत घेतली नाही.

दगड जांभ्याचा नको, अक्षरे टिकत नाहीत, म्हणून काळा घेतला आणि तुळशीवृंदावनाच्या पायाशी बसवला. वर खलाशाचे नाव, ‘तिलावा बोटीवर, त्रिपुरी पौर्णिमा’, आणि त्याखाली त्याच्या पत्नीचे नाव, तिच्या तिथीसह, तेही सालावाचून. अक्षरामागे पैसे घेणाऱ्या कारागिराने दोन्ही ओळींच्या शेवटी साल राहिले काय, म्हणून विचारले आणि जागा बरीच रिकामी दिसते, असेही म्हटले. आत्या म्हणाली, “थंय रांगोळेक जागा होयी.”